वरचे चौदा

दुपारचे तीन वाजलेत. नर्सेस हॉस्टेलच्या सात नंबरच्या खोलीत प्रणिता वाघमोडे युनिफॉर्म न बदलताच पलंगावर आडवी झाली आहे. झोपायचं नाही असं तिनं ठरवलंय, पाच मिनिटं नुसते डोळे मिटायचे. असं ठरवणारी माणसं हमखास झोपतात, पण बावीस दिवसांपूर्वी नोकरीला लागलेल्या मुलीला हे कोण सांगणार?

तिच्या उशीखाली एक फुलस्केप कागद आहे, तिचा लेखी जबाब. पाच वाजता तो मेट्रनबाईंच्या हातात द्यायचा आहे. त्यावर तिनं सकाळी एक ओळ लिहून ठेवलीय: 'बेड नंबर अकराच्या पेशंटचे दुपारी बारा वाजताचे श्वास मिनिटाला वीस होते.' ही ओळ खोटी आहे. लिहिणारीला ते ठाऊक आहे आणि लिहायला सांगणाऱ्या रणपिसे सिस्टरांनाही ठाऊक आहे. रणपिसे सिस्टर म्हणजे बायकांच्या सर्जिकल वॉर्डच्या इन्चार्ज. "चार्टवर वीस आहे, खाली सही तुझी आहे," त्या आज सकाळी म्हणाल्या होत्या, "आता कागदावर दुसरं काही लिहिलंस तर घरी जाशील. अजून कायम झालेली नाहीस तू."

बेड अकरावर हौसाबाई तुपे होत्या. सोलापुरात स्टँडमागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा कडक भाकऱ्यांचा धंदा होता. हर्नियाचं ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी जेवल्याही. काल संध्याकाळी सात वाजता त्या गेल्या. फुप्फुसात रक्ताची गुठळी, असं डॉक्टर म्हणाले. आणि आज त्यांच्या लेकीनं विचारलंय की दुपारपासून आई धापा टाकत होती, ते कुणालाच कसं दिसलं नाही?

प्रणिता वर बघते. पंखा फिरतोय. ती उगाच फेऱ्या मोजते. विसाव्या फेरीला पंखा थबकतो आणि पुन्हा एकपासून सुरू होतो. हे काहीतरी चुकतंय, असं तिला वाटतं, तेवढ्यात तिच्या नाकात धूर जातो आणि कानाशी थप थप असा आवाज येतो.

समोरच्या पलंगावर तिच्यासोबत राहणारी सुवार्ता झोपते. तिथे आता सुवार्ता नाही. तिथे बेड अकरा आहे, पायथ्याशी चार्टची पाटी अडकवलेली. हौसाबाई हिरवा गाऊन घालून मांडी ठोकून बसल्यात. पेशंटच्या जेवणाचं चाकांचं टेबल पुढे ओढलंय आणि त्यावर त्या भाकरी थापतायत.

"आलीस? बस की. कालपासनं वाट बघालेय."

"मावशी, तुम्ही..."

"मेलेय. ते ठावं हाय मला. फुडं बोल."

हौसाबाई पीठ लागलेलं बोट पाटीकडे दाखवतात.

"ती घे इकडं. मला वाचता येत न्हाई, आकडं तेवढं येत्यात. शेडच्या दारावर रोज खडूनं भाकऱ्यांचा आकडा मीच मांडते. हे काय लिवलंय?"

"वीस."

"आन् त्या बारा नंबरचीचं?"

"वीस."

"आन् ती पोटात नळी घातलेली पोरगी हाय, तिचं?"

"वीस," प्रणिता म्हणते. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्यात.

"आख्खा वार्ड एका तालात श्वास घ्यालाय? बँड लावलाय का आत?"

खरं म्हणजे यात हसण्यासारखं काही नाही. चार्ट भरताना वॉर्डातल्या नर्स ताप मोजतात, बीपी मोजतात, श्वासाच्या रकान्यात मात्र एका दमात खालपर्यंत वीस, वीस, वीस ओढून मोकळ्या होतात. पहिल्याच दिवशी प्रणिताला ते शिकवलं गेलं होतं, आणि शिकवताना कुणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती. कॉलेजात चार वर्षं घासलेलं या एका दिवसात पुसून टाकायचं असतं.

आता त्या दोघी शेडमध्ये आहेत. भिंतीला वॉर्डातल्याच पांढऱ्या फरश्या, चुलीशेजारी सलाइनचा स्टँड, आणि दारात गिऱ्हाइकांची रांग. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात चार्टची पाटी आहे. सगळ्यांच्या छात्या एकदम वर येतात, एकदम खाली जातात.

"दिसाला तीनशे भाकऱ्या," हौसाबाई म्हणतात. "चाळीस वर्सं झाली. एक भाकरी कमी गेली न्हाई कुनाला. आन् तुला येक मिनिट माजे श्वास मोजायला झालं न्हाई?"

"मी मोजले होते!"

प्रणिता ओरडते. हौसाबाई गेल्यापासून हे तिनं कुणालाच सांगितलेलं नाही, सुवार्तालाही नाही.

"मोजले होते मी. चौतीस होते. तळहातावर लिहूनसुद्धा ठेवले होते. सिस्टरांना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, जेवल्यावर होतं तसं. चौतीस लिहिलं की डॉक्टरांना फोन करावा लागतो, मग ते येऊन मलाच बोलतात. आत्ता वीस लिही, नंतर परत मोजू."

हौसाबाईंचा हात थांबतो. भाकरी अर्धीच थापलेली आहे.

"मंग? मोजलंस परत?"

"दोन नवीन पेशंट आले."

"हं."

"बेचाळीस बायका होत्या वॉर्डात आणि आम्ही दोघी! एकीला उलटी, एकीचं सलाइन सुटलेलं, एकीचा नवरा अंगावर धावून येतोय. मी काय काय बघू? आणि तुम्ही का नाही बोललात? शेडमध्ये एवढ्या ओरडता ना सगळ्यांवर? ओरडायचं होतं! बेल दाबायची होती!"

"ओरडायला दम लागतो, पोरी," हौसाबाई म्हणतात. "तोच तर नव्हता."

चुलीतला जाळ भडकतो. हौसाबाई अर्धी भाकरी उचलून परातीत आपटतात.

"न मोजता चुकली असतीस, तर नवी हाय म्हनून सोडलं असतं तुला. तू मोजलंस. आन् मोजून खोटं लिवलंस. सांच्याला ते डाक्टर माज्याकडं न बघता पाटीकडं बघून गेले. पाटी म्हनाली, म्हातारी बरी हाय. माजं खरं धरायचं का पाटीचं?"

प्रणिताला राग येतोय. हौसाबाईंचा येतोय, रणपिसे सिस्टरांचा येतोय, बेचाळीस बायकांमागे दोन नर्स ठेवणाऱ्यांचा येतोय. पण या सगळ्या रागाच्या तळाशी एक राग आहे, तो दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जाईना. निळ्या पेनानं वीस लिहिणारा हात तिचाच होता.

"रडालीस कशाला?" हौसाबाई खेकसतात. "रडून काय हुतंय? हात धर माजा."

त्या पिठाचं मनगट पुढे करतात. आता शेड नाही, वॉर्डही नाही. कॉलेजातली प्रात्यक्षिकाची खोली आहे, आणि प्लॅस्टिकची बाहुली झोपवायच्या पलंगावर हौसाबाई उताण्या पडल्यात.

"नाडी बघितल्यागत कर आन् छातीकडं बघ. काल केलंस तसंच."

प्रणिता चपापते. श्वास मोजताना पेशंटला कळू द्यायचं नसतं, कळलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर तेवढी छातीवर न्यायची.

"तुम्हाला कळलं होतं?"

"न कळाया काय झालं? म्हटलं, नवी हाय पर पोरगी नीट बघालीय. बरं वाटलं मला. मोज."

प्रणिता छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ बघते आणि मोजायला लागते. एक, दोन, तीन. हौसाबाईंची छाती भराभर वरखाली होतेय, कालच्यासारखीच, गळ्याखालचा खळगा प्रत्येक वेळी आत ओढला जातोय. अठरा, एकोणीस, वीस.

छाती थांबते.

"मावशी?"

घड्याळाचा काटा पस्तिसाव्या सेकंदावर आहे. तो पुढे सरकतो. छत्तीस, सदतीस.

"मावशी, श्वास घ्या. मिनिट झालेलं नाही अजून."

"लिवलेत तेवढे झाले की," हौसाबाई ओठ न हलवता म्हणतात. "घे तुझे वीस."

"चौतीस आहेत! मला माहीत आहे, चौतीस आहेत!"

"मंग वरचे चौदा कुठं घातलेस?"

काटा सावकाश जातो. पंचेचाळीस, पन्नास. प्रणिता छाती दाबायला धावते, पण तिचं मनगट आता हौसाबाईंच्या हातात आहे आणि ती पकड रोज तीनशे भाकऱ्या थापणाऱ्या हाताची आहे. सुटत नाही. तिला तिथे उभं राहून ते सगळे सेकंद बघावे लागतात. कुठून तरी रणपिसे सिस्टरांचा आवाज येतो, "लिहून टाक गं, वेळ नाही." काटा साठावर येतो तेव्हा हौसाबाई तिचा डावा तळहात उलटा करतात आणि त्यावर बोटानं काहीतरी ओढतात, सावकाश, जोर देऊन.

प्रणिता दचकून उठते. चार वाजायला दहा मिनिटं आहेत. पंखा नुसता फिरतोय, न थबकता. कॉलर घामानं भिजलीय. खोलीत कुणी नाही, पेन टेबलावर टोपण लावून पडलंय.

तिच्या डाव्या तळहातावर निळ्या शाईत चौतीस आहे.

काल दुपारी तिनं लिहिला होता तो आकडा, हे खरं. पण हौसाबाई गेल्याचं कळल्यावर इथल्याच बेसिनवर तिनं तो घासून काढला होता, कातडी लाल होईपर्यंत. सकाळच्या ड्युटीत पन्नासदा हात धुतले होते. शिवाय तिचा तीनचा आकडा असा नसतो. ती बारीक, गोल अक्षर काढते. हा आकडा अख्ख्या तळहाताएवढा आहे, वाकडा, तिनाची शेपटी मनगटापर्यंत ओढलेली. आयुष्यात फक्त आकडे लिहायला शिकलेल्या माणसानं काढावा तसा.

ती बराच वेळ तळहाताकडे बघत बसते. भीती वाटायला हवी, पण वाटतो तो रागच, आणि आता त्या रागाला करायला काहीतरी काम मिळालंय. ती उशीखालचा कागद काढते, त्याचे चार तुकडे करते आणि नवीन कागद घेते.

'दुपारी बारा वाजता मी पेशंटचे श्वास मोजले. ते चौतीस होते. मी रणपिसे सिस्टरांना तसं सांगितलं. त्यांनी वीस लिहायला सांगितलं आणि मी वीस लिहिलं. परत मोजलं नाही. वॉर्डात त्या दिवशी बाकी कुणाचेच श्वास मोजलेले नव्हते.'

खाली ती पूर्ण नाव लिहून सही करते.

दार ढकलून सुवार्ता डोकावते. तिच्या हातात चहाचं पातेलं आहे.

"उठलीस? चहा झालाय. हात धू आणि ये."

"हात नाही धुणार," प्रणिता म्हणते. "पाच वाजेपर्यंत तर नाहीच."