सेलच्या भुकटीचा डबा

भूमच्या बाजारात मच्छिंद्रइतका हट्टी रेडिओवाला दुसरा नव्हता. बौद्धवाड्यातला हा गडी मजुरी सोडून रेडिओच्या तारा जोडायचं डागकाम शिकला, आणि आता सगळं पोट त्याच्या उजव्या हातावर होतं.

त्र्याऐंशीच्या कोरड्या उन्हाळ्यात सहकारी तेलघाणीचे चेअरमन रामकिसनबापू यांनी त्याच्याकडून नवा रेडिओ घेतला. घर घाणीला लागूनच. घाणीची मोटर फिरली, की तिच्या आतल्या कार्बनच्या ब्रशांतून ठिणग्या उडत आणि रेडिओवर पावसाच्या बातमीऐवजी नुसती खरखर येई. दोष अर्थातच गरिबाचा! बापूंनी दुकानात येऊन मच्छिंद्रच्या कानाखाली आवाज काढला.

"उद्या सकाळच्या सातच्या बातम्या नीट ऐकू आल्या न्हाईत, तर ह्यो हात मोडीन."

मच्छिंद्रनं संपलेल्या सेलांतल्या कोळशाच्या कांड्या कुटल्या, फुटक्या बादलीचं प्लास्टिक वितळवलं आणि त्यात ती भुकटी कालवली. साधं प्लास्टिक खरखर अडवत नाही. हे काळं मिश्रण मात्र वीज वाहून नेतं, म्हणून ती अडवतं. त्याचा डबा करून त्यानं त्याच संध्याकाळी बापूंच्या घरी रेडिओवर बसवला. खरखर गेली, पण रेडिओच मुका झाला. बापूंनी तोच डबा त्याच्या तोंडावर हाणला. भुवई फुटली. रक्त पुसता पुसता मच्छिंद्रला चूक कळली. डब्यानं खरखरीबरोबर स्टेशनही अडवलं होतं. डबा रेडिओवर नव्हे, ठिणगीवर घालायला हवा होता.

सकाळी घाणी सुरू होण्याआधी त्यानं डबा मोटरीच्या ब्रशांभोवती आवळला, डब्याला एक तार जोडून ती जमिनीत पुरली. तेवढ्यात मोटर सांभाळणारा गुंडाप्पा आला.

"मोटर जाळतूस व्हय रं?"

उत्तराची वाट कोण बघतो? त्यानं मच्छिंद्रचा उजवा हात लोखंडावर दाबला आणि पाना घातला. तीनदा. बोटं काड्यांसारखी मोडली. मग घाणीची वेळ झाली म्हणून गुंडाप्पानं डबा तसाच ठेवून मोटरीचं बटण दाबलं.

सात वाजले. मोटर घुमत होती आणि बापूंच्या घरातून बातम्या लख्ख ऐकू येत होत्या. बापू हसतच बाहेर आले. "लई झ्याक, मच्छ्या! गुंडाप्पा, कशाला मारलं रं त्याला? बरं, असू दे. हात व्हईल बरा."

 मच्छिंद्रनं मोटर बंद केली, डाव्या हातानं पाना उचलला आणि डब्याचे तुकडे तुकडे केले.

"बापू, मोडायचं ते तुमी मोडलंत. आता ऐका बातम्या."

गुंडाप्पानं मोटर पुन्हा चालू केली. पलीकडं खरखर सुरू झाली, आणि ती थांबवणारा हात आता साऱ्या भूममध्ये नव्हता.