खालाची रांगोळी

गंगाखेडला आमच्या शेजारी एक खाला राहायची. सकाळी मी रांगोळी काढायला बसले, की ती कशिद्याचं कापड घेऊन ओट्यावर यायची आणि नाक मुरडायची.

"रोज काडतीस, रोज झाडून टाकतीस. हा कसला हुन्नर? आमचा कशिदा नातवंडं पांघरतेत."

"रोज नवी काडायला हात लागतो, खाला," मीही फणकाऱ्यानं म्हणायची. "तुमची वेल एकदा काडली की शिळीच."

निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षी धामधूम माजली. घराला कुलूप लावून आम्ही सरहद्दीपलीकडे माहेरी गेलो. बिनरांगोळीचं दार म्हणजे रिकामं घर, हे लुटणाऱ्यांनाही कळायचं. गल्लीतली बरीच बंद घरं फुटली.

परतलो तेव्हा आमचं कुलूप शाबूत होतं आणि दारात ताजी रांगोळी होती. तिच्यात ठिपके नव्हते. कशिद्यातलीच वेल होती, वाकडीतिकडी, पानापानाला अडखळलेली, आणि तिच्याखाली आदल्या कितीतरी वेलींच्या पुसट रेघा.

खाला ओट्यावरच होती. तिची बोटं पांढरी होती.

"बगत काय उभी ऱ्हायलीस? शिळी झाली ती. झाड, आन् तुझी काड."

माझ्यानं झाडू उचलवेना.