आक्कांच्या काळ्या मुंग्या

मुंग्यांचा एक किस्सा सांगायला बसलं की त्याच्यामागून दुसरा येतो आणि मग रांग काही संपत नाही. मुली म्हणतात, आई, मुंग्यांवर कुणी एवढं बोलतं का? पण पिंपरीला नवा कारखाना सुरू झाला तेव्हा आम्ही आक्कांच्या मळ्याच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहायचो. तिथं माणसांपेक्षा मुंग्यांचाच शेजार जास्त होता. पलीकडच्या खोलीत रत्नागिरीकडचे साळवी. ते आणि आमचे हे एकाच शिफ्टला. साळवीवहिनी माझी जिवाची मैत्रीण, आणि कुसुम त्यांची नणंद.

कुसुमला बघायला खडकीची मंडळी आली, तिथून सगळं सुरू झालं. मुलगा भला होता. कुसुमकडे बघत त्याने पोह्यांसाठी दोनदा मीठ मागून घेतलं आणि घातलं एकदाही नाही. पण त्याच्या आईच्या चहात मुंगी निघाली. त्यांनी कप खाली ठेवला.

"आमच्या घरात मुंगी औषधालासुद्धा सापडायची नाही," त्या म्हणाल्या.

मुलगा हटून बसला म्हणून होकार आला. पण बरोबर निरोपही आला, की साखरपुड्याच्या दिवशी घरात एक जरी मुंगी दिसली तर आम्ही उठून जाऊ. कुसुमची आधीची दोन स्थळं मोडली होती. ती नुसती फडकं घेऊन फळ्या पुसत राहायची. बघून मला गलबलून यायचं.

*

बाजारात पावडर मिळायची, पण साखरपुड्याच्या खर्चानेच साळवी मेटाकुटीला आले होते. तेव्हा घरातच असेल त्यावर भागवायचं ठरलं.

पहिला उपाय आमच्या ह्यांचा. परातीत पाणी आणि पाण्याच्या मध्ये साखरेचा डबा. मुंगी पोहून थोडीच येणार? हे कामावर गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर डबा काळाभोर. मीच चहा करताना पळी डब्याला टेकवून ठेवली होती, तिचं दुसरं टोक परातीबाहेर.

ह्यांनी बराच वेळ ती रांग न्याहाळली आणि म्हणाले, "पूल बांधलासच, तर निदान नाक्यावर बसून जकात तरी घ्यायचीस."

*

मग साळवीवहिनींनी मनावर घेतलं. त्यांच्या माहेरी मुंग्यांना हळद घालायचे, आणि लिंबाचाही वास मुंग्यांना सोसत नाही म्हणे. वहिनींनी उंबऱ्याबाहेर हळदीची जाड रेघ ओढली आणि दोन्ही टोकांना अर्धं अर्धं लिंबू ठेवलं.

सकाळी दूधवाला आला, रेघ बघितली, लिंबं बघितली आणि चरवी घेऊन उलट्या पावली गेला. दुपारपर्यंत गावात झालं की साळविणीने करणी केलीय. पुढे दोन दिवस आम्ही बिनदुधाचा चहा प्यालो.

मुंग्या मात्र पहिल्याच दिवशी रेघ ओलांडून आत आल्या होत्या.

*

नंतर रॉकेल. चिंधी भिजवून वहिनींनी सगळ्या फळ्या पुसल्या, भिंतीच्या कडा पुसल्या, डब्यांची बुडंही सोडली नाहीत. मुंग्या गेल्या खऱ्या. पण साखरपुड्यासाठी केलेला चिवडा त्याच फळीवर होता.

साळवी स्वभावाने गरीब. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला, शांतपणे गिळला आणि बायकोला एवढंच म्हणाले, "झक्कास. फक्त पाहुण्यांना सांग, खाल्ल्यावर विडी ओढू नका."

चिवडा पुन्हा करावा लागला. कुसुम त्या दिवशी पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली.

*

खरी गोम आक्कांकडे होती. आक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. रोज सकाळी आंघोळ झाली की ओल्या लुगड्यानिशी त्या आमच्या खोल्यांच्या मागच्या भिंतीशी यायच्या आणि मुंग्यांच्या वारुळावर मूठभर पीठ घालायच्या.

वहिनी एकदा चिडून म्हणाल्या, "आक्का, त्यांना जेवण तुमच्याकडे, आणि गोड खायला आमच्याकडे."

"काळी मुंगी देवाची गं," आक्का म्हणाल्या. "तिला मारू न्हाई. तांबडी चावरी. ती दिसली की टाचंखाली."

शेवटी वहिनींनी कुसुमला त्यांच्यासमोर उभं केलं. आक्कांनी पोरीचं तोंड बघितलं आणि विचारात पडल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पीठ घातलं ते थेट बांधावरच्या बाभळीखाली, आणि वर गुळाचा खडा. वाटेवर थोडं थोडं पीठ सांडत गेल्या. हळूहळू रांग तिकडे वळली, आणि साखरपुड्याच्या दिवशी आमच्या खोल्यांत मुंगी म्हणून नव्हती. आक्का सकाळीच येऊन चारी कोपरे बघून गेल्या.

*

खडकीची मंडळी आली. मुलाच्या आईने आधी फळ्या बघितल्या, मग कपात डोकावून चहा घेतला. काही सापडलं नाही, म्हणून जराशा हिरमुसल्याच. कुसुम हिरवी साडी नेसून पाटावर बसली होती. त्यांनी तिला कुंकू लावलं, ओटी भरली आणि घरून आणलेला चकचकीत कागदाचा, जरीचे गोंडे लावलेला साखरेचा पुडा तिच्या हातात दिला.

कुसुमने तो कपाळाला लावला आणि "आई गं!" करून सोडून दिला.

पुडा फरशीवर फुटला. साखर पसरली आणि साखरेतून मुंग्या निघाल्या. चारी दिशांना. कुसुमचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनींनी माझा दंड धरला. मुलाच्या आई उठून उभ्या राहिल्या आणि वहिनींकडे बोट करून काहीतरी म्हणणार, तेवढ्यात आक्का पुढे झाल्या. गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, नीट निरखून बघितलं.

"ह्या तांबड्या हायत," त्या म्हणाल्या. "ह्या आमच्या न्हाईत."

मग त्यांनी टाच उचलली, तशीच अधांतरी धरली आणि विहीणबाईंना अगदी अदबीने विचारलं, "मारू, का पाव्हण्या म्हनून ऱ्हाऊ द्यू?"