फुंकणी आणि कापसाचा पुंजका

जमना सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणखेड्याच्या शाळेत सहावीच्या वह्या तपासत होते. झोपेतच गेल्या म्हणे. महिना झाला, तरी माझ्या रेवाला हे कसं सांगायचं हा त्या दिवशीचा पेच आठवतो... तिच्या पहिल्या श्वासामागे सिस्टरांचा हात होता.

दहा वर्षांपूर्वी मी तळोद्याला नोकरीला होते. सातवा संपतासंपता कळा सुरू झाल्या. दवाखान्यात सिस्टर एकट्याच. माहेर तोरणमाळकडचं, घरी पावरी बोलायच्या, आमच्याशी मात्र चक्क अहिराणीत. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, नंदुरबारला न्यायला गाडी मागवली आणि सुई भरली. "स्टेरॉईड शे. नाव लपाडस नही मी. बाळ लवकर ई ऱ्हायनं, त्यानं फुप्फुस कच्चं शे."

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "ते तं पहिलवान लेतस ना?"

"बाळलेबी कुस्तीच खेळनी शे, माय."

नंदुरबारला रेवा जन्मली ती दीड किलोची, पण स्वतःचा श्वास स्वतः घेत राहिली. ती घरी आली आणि माझी खरी भीती सुरू झाली. जीव वाचला, पण पुढे त्या औषधाचं काही निघालं तर? मोबाइलवर काहीबाही वाचून मी डोकं पिकवून घ्यायची. एकदा सिस्टरांवर चिडलेसुद्धा. त्या शांतपणे म्हणाल्या, "एकच कोर्स, तोबी गरज व्हती म्हणीसन. अशी पोरं मोठी व्हयेपर्यंत डॉक्टर लोकेसनी देखेल शेतस, घाबरानं काही दिसनं नही. पण नुसता मन्हा शब्दवर नको राहू. दर साल लई ये, आपण देखूत."

तेव्हापासून रेवाच्या वाढदिवसाला तळोद्याची फेरी ठरलेली. सिस्टर वजन-उंची कार्डावर लिहायच्या आणि मग आपल्या घरच्या चुलीजवळची फुंकणी पुसून तिच्या हातात द्यायच्या. चूल नाही फुंकायची. पाटावरचा कापसाचा पुंजका उडवायचा. तो कुठवर गेला ते सिस्टर वितींनी मोजायच्या. ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होतं. मला मात्र त्या विती वर्षभर पुरायच्या.

सिस्टर गेल्यावर रेवाला घेऊन भेटायला गेले तेव्हा त्यांच्या सुनेने फुंकणी रेवाला दिली. मला म्हणाली, "तुम्ही गयात की मन्ही सासू हुश्श करीसन ओटावर बसी जाये. म्हणे, चला, यंदाबी उडना कापूस." इतकी वर्षं मला वाटायचं, घाबरणारी मी एकटीच. रडू आलं, आणि किती हलकंही वाटलं.

परवा रेवाने पाट मांडला, पुंजका ठेवला आणि गाल फुगवून फुंकणी फुंकली. कापूस उंबरा ओलांडून अंगणात गेला.

"आई, मोज ना."

मी उठले नाही. म्हटलं, "जाऊ दे त्याला."