मास्टर पासवर्डला कुलूप

ऐंशीच्या दशकात सातपूरच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. यंत्र एक आणि वापरणारे विभाग पाच. प्रत्येकाला आपापला पासवर्ड होता, मास्टर पासवर्ड फक्त माझ्याकडे. तो टाकला की कोणत्याही विभागाची कोणतीही नोंद बदलता यायची. लोक खोलीबाहेर चपला काढून आत यायचे. दर गुरुवारी यंत्राला हार घातला जायचा. खोटं कशाला बोलू, त्यातला थोडा मान मी स्वतःकडेच घ्यायचो.

क्वार्टर्सची प्रतीक्षायादी मीच रजिस्टरातून यंत्रात चढवली होती. ज्याचा अर्ज आधी, त्याला खोली आधी. रजिस्टरात तारीख बदलायची तर लाल शाई लागायची, शेजारी सही लागायची. यंत्रात खाडाखोड दिसतच नाही, याचं मला तेव्हा कोण कौतुक! यादी चढल्यावर अर्जांसकट जुनी रजिस्टरं रद्दीत घालायची सूचनाही माझीच.

यादीत पहिला होता स्टोअरमधला एक कामगार. दिंडोरीच्या पुढच्या खेड्यातून रोज एसटीनं यायचा. गावातली शाळा सातवीपर्यंतच, आणि त्याची मुलगी त्या वर्षी सातवीत होती. "खोली भेटली की पोरगी हायस्कुलात," हे तो भेटेल त्याला सांगायचा.

एके दिवशी प्रशासन अधिकारी स्वतः चपला काढून माझ्या खोलीत आले.

"पहिल्या नंबरची तारीख तेवढी गेल्या वर्षीच्या एप्रिलची जून करा. दुसरा माझ्या साडूचा मुलगा आहे, आणि खोली यंदा एकच रिकामी होतेय. आणि हो, तुम्हाला कायम करायची फाईल माझ्याच टेबलावर आहे."

मी केली. मिनिटभरही लागलं नाही.

पुढे आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. त्या आठ दिवसांत ती तारीख केव्हाही पूर्ववत करता आली असती. माझी छाती झाली नाही. त्याऐवजी मी शहाणपणा केला. टिपण लिहिलं: अर्जाची तारीख एकदा चढली की ती मास्टर पासवर्डनंही बदलता येऊ नये. निदान पुढचा अन्याय तरी टळेल, अशी स्वतःची समजूत घातली. साहेब भडकतील असं वाटलं होतं. त्यांनी टिपण वाचलं आणि हसून म्हणाले, "उत्तम. आजच करून घ्या."

प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ मुंबईहून आलेलेच होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम झालं. साहेब का हसले ते मला तेव्हा कळलं. घाईघाईनं मी यादी उघडली, जूनचा एप्रिल करून पाहिला. यंत्रानं नकार दिला. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. माझा मूर्खपणा आता नियम झाला होता.

खोलीवाटपाची यादी फलकावर लागली त्या दुपारी स्टोअरमधला तो कामगार आला. चपला काढून दारातच उभा राहिला.

"भाऊसाहेब, माझा अर्ज जूनचा दाखवतंय म्हणं. मी तर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी दिला व्हता. हाताला निळा गुलाल व्हता, कागदाला डाग पडला. तुमीच घेतला व्हता अर्ज, डाग बघून हसला व्हता."

आठवत होतं मला. निळं बोटही आठवत होतं.

"यंत्रात जून आहे," मी म्हणालो.

तो हार घातलेल्या यंत्राकडे बघत राहिला.

"मशीन खोटं नाय बोलायचं. पण भाऊसाहेब, जयंती जूनमधी कशी असंल?"

मी कागद चाळत राहिलो. मग तो म्हणाला, "मंग मीच इसरलो असंल," आणि चपला घालून गेला.

त्या वर्षी शाळा उघडल्या तेव्हा त्याची मुलगी द्राक्षबागेत मजुरीला जाऊ लागली. त्याच महिन्यात मी कायम झालो.