पातेल्याच्या काठावरचं नाव

उमरग्यात भांड्यांवर नावं घालणारे तिघं होते, पण कधीही न चुकणारा एकच, आणि तो म्हणजे गफारभाई. हे खुद्द गफारभाईंनीच सांगितलेलं असल्यामुळं शंका घ्यायचं कारण नव्हतं. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर पस्तीस वर्षं बसून त्यांनी आधी छिन्नी-हातोडीनं आणि मग विजेच्या मशीननं निम्म्या तालुक्याच्या संसारावर नावं घातली. डोक्यावरच्या भिंतीला पाटी होती : ‘नाव चुकल्यास भांडं बदलून मिळेल.’ पस्तीस वर्षांत एकही भांडं बदललं गेलं नाही. चूक दाखवायला आलेल्या गिऱ्हाइकाला गफारभाई असं काही झापायचे, की तो भांड्याऐवजी स्वतःचंच नाव बदलून घ्यायला तयार व्हायचा.

महांतप्पाचंच बघा. त्याच्या मोठ्या पातेल्याच्या काठावर, आहेर देणाऱ्या आलूरच्या मेव्हण्याचं नाव ठसठशीत, आणि मालकाचं, म्हणजे महांतप्पाचं, बुडाला. लग्नाकार्यात पातेलं बाहेर गेलं की भांडी पोचवणारे काठ वाचायचे आणि पातेलं थेट आलूरला नेऊन टाकायचे. महांतप्पा तीनदा ते सोडवून घेऊन आला.

“दोन्ही नावं बरोबर आहेत,” गफारभाई म्हणाले. “बूड बघायला लोकांना काय होतंय?”

“भरलेलं पातेलं उलटं करून कोण बघतंय, गफारभाई?”

“मग तो लोकांचा दोष.”

अशा अचूक माणसाची नात मदिहा. वय वर्षं नऊ, आणि तीन वर्षांत तिला चौथ्यांदा मुतखडा झालेला. बाप, म्हणजे तौसिफ, मस्कतला ट्रेलर चालवायचा. पोरगी दुखण्यानं गडाबडा लोळायला लागली की तिला उचलून दवाखान्यात पळायची ती आई, उम्मेहानी. दोष कुणाचा हे मात्र गफारभाईंनी पहिल्या सोनोग्राफीच्या आधीच ठरवून टाकलं होतं. सून बसवकल्याणची. तिथलं पाणी जड, तिथली माणसं जड, आणि सुनेच्या हाताला टोमॅटोशिवाय सालन, म्हणजे कालवण, जमत नव्हतं. आणखी कसला पुरावा पाहिजे?

गावानंही हातभार लावला. कुणी हुलग्याचं कढण सांगितलं, कुणी केळीच्या खांबाचा रस. एका सद्गृहस्थानं काडेपेटीत जपून ठेवलेला आपला स्वतःचा खडा आणून मदिहाला दाखवला, पोरीला धीर यावा म्हणून. घरातून टोमॅटो गेला, मग पालक गेली, मग वांगंही गेलं. जेवणातली चव गेली, खडे तेवढे राहिले. “माहेरून आणलंस सगळं,” असं गफारभाई ताटावर बसून रोज म्हणायचे. उम्मेहानी खाली मान घालून भाकरी वाढायची.

शेवटी सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टर शिवप्रिया वयानं लहान, त्यामुळं गफारभाईंचा त्यांच्यावर विश्वास बसेना. पण त्या जे बोलल्या ते ऐकावंच लागलं.

“चाचा, हे टोमॅटोनं होत नाही. पाण्यानंही नाही. हा आजार रक्ताच्या नात्यातून येतो. असंच चाललं तर वर्ष-दोन वर्षांत हिच्या दोन्ही किडन्या जातील.”

घाबरलेला माणूस बोट दाखवायला कुणीतरी शोधतो. गफारभाईंना शोधावं लागलं नाही, उम्मेहानी शेजारीच बसली होती.

“रक्तातून म्हणता ना? मग हिच्याच माहेरचं. तपासा हिला. माझंबी घ्या रक्त, एकदाचा सोक्षमोक्ष होऊ द्या!”

गरज नव्हती, पण मुलीचा बाप परदेशी, म्हणून डॉक्टरांनी मायलेकींबरोबर त्यांचंही रक्त घेतलं. बाही वर करताना गफारभाईंच्या चेहऱ्यावर निकाल आधीच लागला होता.

दीड महिन्यानं रिपोर्ट आले. डॉक्टरांनी कागदावर एक मोठा गोल काढला, त्यात दोन लहान गोल.

“ही लिव्हरची पेशी. आत अशा खोल्या असतात, प्रत्येकीभोवती पातळ पडदा. एक प्रोटीन आहे, त्याचं काम या डावीकडच्या खोलीत. ते तिथं असलं की खडे करणारं ऑक्झलेट वाढत नाही. कुठल्या खोलीत जायचं ते प्रोटीनच्या अंगावरच लिहिलेलं असतं. मदिहाचं प्रोटीन कामाला चांगलं आहे, खरं नावही शेपटाला शाबूत आहे. पण पुढच्या टोकाला भलतंच नाव उमटलंय. पेशी आधी तेच वाचते आणि त्याला उजवीकडच्या खोलीत ओढते. तिथं त्याचा उपयोग शून्य.”

गफारभाईंनी कागद जवळ ओढून घेतला. मग हळूच म्हणाले, “म्हणजे महांतप्पाचं पातेलं.”

डॉक्टरांना महांतप्पा ठाऊक नव्हता. तो कळायला दहा मिनिटं गेली, आणि बाहेरचे पेशंट खोळंबले.

“अगदी तसंच,” डॉक्टर हसल्या. “आता उपाय. उजवीकडच्या दारातून प्रोटीन दोऱ्यासारखं सैल असेपर्यंतच आत जातं. एक साधी व्हिटॅमिनची गोळी आहे, तिनं ते लवकर गुंडाळून घट्ट होतं. मग त्या दारातून मावत नाही आणि शेपटाचं नाव वाचून आपल्या खोलीत जातं. सगळ्यांना लागू पडत नाही, पण हिच्या प्रकारात बहुतेक पडते. पाणी भरपूर पाजा.”

“आणि हे भलतं नाव घातलं कुणी?” गफारभाईंनी उम्मेहानीकडं बघत विचारलं. बघायची सवय जाता जात नाही.

“अशी दोन नावं जमली तरच आजार होतो. एक आईकडून आलं. दुसरं वडिलांकडून, आणि वडिलांना तुमच्याकडून. तुमच्या रिपोर्टात स्पष्ट आहे, चाचा. एकाच बाजूनं आलं असतं तर पोरीला काहीच झालं नसतं.”

सोलापूर ते उमरगा एसटीत गफारभाई एक अक्षर बोलले नाहीत. हा त्यांच्या आयुष्यातला विक्रम असावा.

तीन महिन्यांनी लघवीतलं ऑक्झलेट निम्म्याहून खाली आलं. किडन्या वाचतील, असं डॉक्टर म्हणाल्या. उम्मेहानी तिथंच खुर्चीत बसून ढसाढसा रडली. परतताना गफारभाईंनी स्टँडाबाहेर किलोभर टोमॅटो घेतले आणि घरी आल्यावर पिशवी तिच्यापुढं ठेवली.

“कर आज सालन,” ते म्हणाले. घसा खाकरला. मदिहा दारात उभी होती, तिच्याकडं बघितलं, पुन्हा घसा खाकरला. “नाव माझ्याकडून चुकलं, बेटी.”

उम्मेहानीनं पिशवी उचलली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं मान वर करून सासऱ्याकडं बघितलं.

“तुमच्या पाटीवर लिहिलंय ना अब्बा, बदलून मिळेल म्हणून. मग माझी ती तीन वर्षं बदलून द्या.”

आणि ती टोमॅटो धुवायला आत गेली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच गफारभाईंनी आधी ती पाटी उतरवली.