रॉकेलची परीक्षा

जुन्नरचा आमचा मिस्त्री इंजिनाबद्दल माहेरी आलेल्या लेकीबद्दल बोलावं तसं बोलतो. वडिलांच्या जुन्या फियाटच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं तेव्हा म्हणाला, "हिचा दम कोंडलाय," आणि आतल्या हवेच्या वाटा कोरून रुंद केल्या. मग त्या वाटा बंद करणारे व्हॉल्व्ह घासून बसवले आणि हेड उलटं ठेवून त्यांच्यावर रॉकेल ओतलं.

"चा पिऊन येतो. हवेच्या वाटंतनं थेंब गळला, तर पुन्ना घासायचं."

मला संध्याकाळी डिंगोऱ्याला, मेव्हण्याच्या साखरपुड्यात, याच गाडीतून मिरवायचं होतं. मिस्त्रीची पाठ वळली आणि थेंब आला. मी रुमालाने टिपला. पुन्हा आला, पुन्हा टिपला आणि रुमाल खिशात कोंबला.

मिस्त्रीने परत येऊन कोरडं हेड पाहिलं, मग मला पाहिलं. बिडी ओठात धरून काडीपेटी काढली.

"जमलं राव. या पावणं, जवळ बसा, बिडी पेटवू."

मी टुणकन मागे सरकलो.

"का वो? खिशाला भ्या वाटतंय व्हय?"

काडीपेटी ठेवून त्याने गळका व्हॉल्व्ह माझ्याच हातात दिला. साखरपुड्याच्या पांढऱ्या शर्टात मी अंधार पडेस्तोवर तो घासत होतो आणि मेव्हण्याचे फोन मिस्त्री घेत होता, "पावणं कामात हायेत, भाऊ. लई नाजूक काम हाय, मधी सोडता येत न्हाई."